सान मिकेलेची मुदत

व्हेनिस, कास्तेल्लो
९ नोव्हेंबर

प्रिय तुल्यो,

अनेक आशीर्वाद. तू, लिविया आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालते. लिवियाचा रक्तदाब कसा आहे ते कळव.

ज्यांच्या गावाचा दुसऱ्यांनी दिवाणखाना केला आणि ज्यांना मोरीच्या दाराने बाहेर काढलं, त्या आपल्या सगळ्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे. म्हणजे कास्तेल्लोत उरलेली मी आणि तोरिनोत रुसून बसलेला तू. बाकीचे थकून गप्प झाले. आपल्या दोघांचा राग मात्र एकच आहे. तू तो घेऊन गेलास आणि मी तो घेऊन इथेच राहिले, एवढाच फरक. 'निवेस पुन्हा चौकात उभी राहून भाषण करायला लागली' असं म्हणून कागद बाजूला ठेवू नकोस. या पत्रात एक काम आहे आणि ते बाबांचं आहे. त्यांची सान मिकेलेच्या कबरस्तानातली मुदत संपली. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा लिविया म्हणाली, "तो घरात नाहीये हो," आणि तिच्या मागे तू टीव्हीवरच्या पंचाला शिव्या देत होतास. तुझा आवाज सव्वीस वर्षांत फारसा बदललेला नाही.

कामाचं खाली येईल. ते सरळ लिहायला बसले की हात थांबतो, म्हणून आधी बाकीची खबर.

माझे गुडघे पुलांना वैतागले आहेत. झोर्झीने दारूचा गुत्ता अजून चालू ठेवला आहे, पण आता आत बसलं की समोरच्या टेबलावरची माणसं आपल्याच पेल्याचा फोटो काढतात. खिडकीखालचा कालवा महिनाभर कोरडा आहे. दोन्ही तोंडांना लोखंडी पत्रे ठोकून पाणी उपसलं आणि गाळ काढणं चालू आहे. म्हणजे वास कसला सुटला असेल ते तुला सांगायला नको. बाबा त्या कामावरून आले की आई त्यांना जिन्यातच थांबवायची आणि वरून गरम पाणी ओतायची. तोच वास. आता तो भिंतींतून, उशीतून, पावातून येतो.

आणि जेम्मा येऊन गेली.

पादोव्हाला मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून ती इकडे आली. तिला रागावू नकोस. ज्या गावाचं नाव घरात शिवीसारखं घेतलं जातं, ते गाव बाविसाव्या वर्षी एकदा तरी बघावंसं वाटणारच. तिने तुला सहज विचारलं होतं म्हणे, आत्याला नाताळचं कार्ड पाठवायचं तर पत्ता काय? आणि तू पेपरातून मान वर न करता म्हणालास, "चोवीसशे सतरा."

बस. एवढंच. पेठ नाही.

तुल्यो, या गावात सहा पेठा आहेत आणि प्रत्येक पेठेत आकडे एकपासून सुरू होतात. घराचा आकडा पेठेशिवाय कोण सांगतं? जिन्यात आईने हाक मारल्यावर आपण सांगायचो तसा तू तो सांगितलास. बिचारी पोर स्टेशनवरून उतरली. आकडा विचारत निघाली. पहिल्याच दुकानदाराने जवळची पेठ दाखवली, आणि ती कान्नारेजोतल्या चोवीसशे सतराच्या दारात जाऊन उभी राहिली. दाराशेजारी भिंतीवर पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या किल्ल्यांच्या सहा पेट्या, नंबर फिरवून उघडायच्या. घंटा वाजवली तर टॉवेल गुंडाळलेला एक लालबुंद माणूस आला. त्याने तिच्याकडे बघितलं, आत गेला आणि ओल्या चादरींचा गठ्ठा आणून तिच्या हातात दिला. तिला वाटलं हा आत्याचा नवरा असेल.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"घेतल्या, आत्या. मला वाटलं इथे पाहुण्यांना अशीच रीत असेल."

त्या चादरी घेऊन ती पलीकडच्या गुत्त्यात शिरली. तिथे पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "कोणाची गं तू?"

"तुल्यो गाव्हान्यिनची."

"आमच्या एर्मान्नोबरोबर होडीच्या मागच्या वल्ह्याला असायचा तो तुल्यो? अगं मग तुझं घर कास्तेल्लोत. तुला पेठेशिवाय आकडा दिला कोणी?"

"बाबांनी."

म्हातारा पत्ते खाली ठेवून हसायला लागला. "तुझ्या बापाने घर सोडलेलं नाही अजून," तो म्हणाला. "सामान तेवढं तोरिनोला पाठवलंय."

मी सभांमधून आयुष्यभर पुरावे मांडले. आकडे मांडले, नकाशे मांडले, किती घरं गेली आणि किती शाळा मिटल्या ते मांडलं. एवढा बिनतोड पुरावा माझ्या हातात कधीच आला नव्हता. याला तुझ्याकडे उत्तर असेल तर दे.

ती घरी आली तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती, पण तिने ती उघडली. पाहुणी माणसं उघडतातच. खाली वाकून बघितलं आणि गळ्यातला रुमाल नाकाला लावून मागे सरली.

"आत्या, हे काय आहे?"

"कालवा."

"याच्यावर लोक गाणी म्हणतात?"

"पाणी असतं तेव्हा म्हणतात."

मग मी तिला दाखवलं. काळा, मऊ, चकाकणारा गाळ, मेलेल्या जनावराच्या पोटासारखा. त्यात अर्ध्या बशा, बाहुलीचं धड, कित्येक फोन, एक गादी आणि सुरक्षितपणे गाठ मारलेल्या लहान मुलांच्या लंगोटांच्या पिशव्या. भिंतीच्या पायातून घरोघरच्या संडासांची तोंडं उघडी पडलेली. त्यांच्यातून उंदीर ये-जा करत होते, दिवसाढवळ्या, हिरव्या फळ्यांवरून, भाडं भरल्यासारखे. पोर बेसिनकडे धावली.

मला बरं वाटलं, हे तुला सांगते. गेल्या वीस वर्षांत जेवढी माणसं या खिडकीत उभी राहिली त्यांतल्या प्रत्येकाने 'किती सुंदर' म्हटलं. गाळ असो, पूर असो, खाली कोणी मेलेलं असो, किती सुंदर. पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं, आणि तेही ओकून.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाहेर नेलं. दाखवायला नव्हे, मला औषध आणायचं होतं. मोठा कालवा नावेने ओलांडताना आम्ही सगळे उभे, ती एकटी फळीवर बसली, आणि वल्हेकरी म्हणाला, "बाई, तुमचं पार्सल उभं राहतं का बघा." सगळे हसले, ती लाल झाली, पण उभी राहिली. पलीकडे उतरल्यावर बाकीचं तिने स्वतःच बघितलं. देवळाच्या पायरीवर एक बाप पोराचे कपडे बदलत होता. काम झाल्यावर त्याने ते पुडकं पायरीवरच ठेवलं आणि निघाला. जुन्या विहिरीच्या कठड्यावर उरलेल्या शेवया ओतलेल्या होत्या आणि तीन सीगल त्या ओढत होते, आतडी ओढावीत तशा. तळणीच्या तेलाचा थर हवेत, दगडांवर, जिभेवर. अरुंद गल्लीत पुढे माणसं, मागे माणसं, चाकांच्या बॅगा, आणि त्या सगळ्यांत एक म्हातारी औषधाची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी. ती म्हातारी मी होते. एकाने मला हाताने बाजूला केलं, पडदा सारावा तसं, कारण मी त्याच्या फोटोत येत होते.

परक्या जहाजांना रोगराईच्या भीतीने चाळीस दिवस बेटावर थांबवून ठेवायची रीत याच गावाने काढली, आणि तिचा 'क्वारंटाईन' हा शब्द जगाने आपल्याकडून घेतला. आज आपण दार सताड उघडून ताटलीत पैसे पडायची वाट बघतो. त्या पाहुण्यांपेक्षा मला आपल्याच माणसांची किळस येते: आजीची खोली रात्रीच्या भावाने देणाऱ्यांची, आणि दुसऱ्या देशात बनलेले मुखवटे 'खास आमचे' म्हणून विकणाऱ्यांची. मी हे सभेत म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या दोघांच्या दाराला आता किल्ल्यांच्या पेट्या आहेत.

संध्याकाळी जेम्मा म्हणाली, "आत्या, बाबा बरोबरच बोलतात. हे घाण गाव आहे."

"मी कुठे नाही म्हटलं?"

"मग तू का राहतेस?"

तुल्यो, सगळी भाषणं माझी पाठ आहेत, पण मी तिला सूप वाढलं आणि म्हटलं, "उद्या सकाळी मला सान मिकेलेला जायचंय. तुझ्या आजोबांना काढायचंय. तू इथेच थांब."

"काढायचं म्हणजे?"

तू तिला हे कधी सांगितलं नाहीस. त्या बेटावर जागा कमी, म्हणून मेलेल्याला बारा वर्षं, मग खोदून हाडं काढायची, धुवायची, लहान पेटीत घालून भिंतीतल्या खणात सरकवायची आणि ती जमीन पुढच्याला द्यायची. मी सांगितलं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे इथे मेल्यावरसुद्धा भाडेकरूच." पोरगी तुझीच आहे. "मी येते," असंही म्हणाली, आणि आली.

आता कामाचं.

बोर्तोलो नावाचा खोदणारा आहे, चांगला माणूस, मोजकं बोलणारा. त्याने आम्हाला जरा लांब उभं केलं. मी आईच्या खणासाठी पेटी नेली होती आणि हाडांवर घालायला आईचीच तागाची उशी-खोळ, इस्त्री करून. आजूबाजूच्या चार-पाच कबरी त्याने आधीच उघडल्या होत्या. त्यांतली हाडं तपकिरी, कोरडी, ताटात मांडल्यासारखी होती. मला वाटलं होतं आपलंही असंच होईल. दुपारपर्यंत घरी जाऊ, मी तुला लिहीन की झालं, बाबा आईजवळ गेले.

झाकण निघालं आणि बोर्तोलोने टोपी काढली. तो म्हणाला, "बाई, पुढे येऊ नका."

मी पुढे गेले.

मातीने त्यांना घेतलेलं नाही, तुल्यो. त्या कोपऱ्यात जमीन ओली आहे, भरतीचं पाणी आतून चढतं, आणि अशा ठिकाणी कधीकधी माणूस तसाच राहतो. तसाच म्हणजे तसा नाही. मेणासारखा. करडा साबण असतो ना, तसा. निळा लोकरी स्वेटर शाबूत, कोपराजवळ आईने मारलेला टाका शाबूत. हात पोटावर. नखं. तोंड मी लिहीत नाही. मी ते बघितलं आहे आणि एकीने बघितलं तेवढं पुरे, असं मला तेव्हा वाटलं होतं. वास खिडकीखालच्या कालव्याचाच होता, फक्त गोडसर. मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आले की आपली माणसं या गावातून जाता कामा नयेत. समोर माझा बाप पडला होता, जाऊ न शकलेला, आणि मला वांती आवरत नव्हती.

आणि तेवढ्यात सुरूच्या झाडांमागून आवाज आला. त्या बेटावर नामांकित माणसांच्या कबरी बघायला लोक येतात ते तुला ठाऊक आहे. तिघं होती. हातात नकाशा. एकाने फोन उंच धरला होता, म्हणजे झुडपांच्या वरून नीट दिसावं म्हणून.

मी तोंड उघडलं. चौकात हजार माणसांना गप्प करणारी मी, पण माझा आवाज आलाच नाही.

जेम्माने अंगातला कोट काढला. तोच पिवळा, लिवियाने घेतलेला. ती खड्ड्याच्या कडेवर गुडघ्यांवर बसली, वाकली आणि तो बाबांच्या अंगावर पसरला, चेहऱ्यापासून पोटापर्यंत, पोराला झोपवताना पांघरूण सारखं करतात तसा कडेने सारखा केला. मग उठली. गुडघ्यांना तो चिखल लागलेला. झाडांकडे चालत गेली आणि शांतपणे म्हणाली, "ते माझे आजोबा आहेत. तुमचे कुठे पुरलेत तेवढं सांगा. मीपण येते फोन घेऊन."

त्या माणसाने फोन खाली घेतला. "माफ करा," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं काही ऐतिहासिक उत्खनन चाललंय."

तो खोटं बोलत नव्हता, तुल्यो. खरंच त्याला तसं वाटलं. मला किळस आली ती याचीच.

परतीच्या बोटीत पोरगी नुसत्या स्वेटरवर कुडकुडत होती. मी माझी शाल दिली तर म्हणाली, "आत्या, तुला लागेल." आणि मग, "बाबांना कसं सांगायचं?" मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. म्हणून हे पत्र. तिच्याकडून तू काही काढू नकोस. तिने पुरेसं केलं आहे.

बोर्तोलोने मला कचेरीच्या पायरीवर बसवून समजावलं. अशा वेळी दोनच वाटा. एक, दुसऱ्या पट्ट्यात पुन्हा पुरायचं, आणखी पाच वर्षं, मग पुन्हा खोदायचं. दुसरी, अग्नी. अग्नी द्यायचा तर सगळ्या मुलांचा होकार हवा. दोन मुलं असतील तर दोघांचा. नाहीतर आपोआप पहिली वाट. जेम्मा म्हणाली, "मी हो म्हणते ना." तो म्हणाला, "नात चालत नाही, बाळ. मुलगा हवा." शुक्रवारपर्यंत त्यांनी बाबांना जस्ताच्या पेटीत, मागच्या खोलीत ठेवलं आहे. त्या खोलीला खिडकी नाही.

माझं मत सांगते. तीस वर्षं तो माणूस कमरेपर्यंत या गावच्या गाळात उभा राहिला. हिवाळ्यात त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या आणि आई त्यांत मेणबत्ती वितळवून भरायची, आठवतं? त्यांना कोरडं व्हायचं होतं. दर रविवारी ते छपरावर खुर्ची नेऊन उन्हात बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. आता पुन्हा त्यांना ओल्यात घालायचं? मी अग्नीच्या बाजूची आहे. पण हे भाषण नाही. तुझं मत वेगळं असेल तर तेही सांग.

पाच वर्षांचं म्हणशील तर, त्या वेळी कबरीच्या कडेला उभं राहायला मी असेन का, हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. त्यांनीच आपणहून सांगितलं. ते औषध त्याचंच आहे. झोर्झीलाही माहीत नाही, आणि जेम्माला मी गुडघ्याच्या गोळ्या सांगितल्या आहेत. याबद्दल मला उलट काही लिहू नकोस. लिवियालाही सांगू नकोस, ती फोनवर रडेल आणि मला तिची समजूत काढावी लागेल.

तू म्हणशील, होकार कागदावर पाठवतो, शिक्का मारून. चालतं. बोर्तोलोला मी विचारलं, तो म्हणाला चालतं. मीच म्हणते की मला तो कागद नको. तुझी शपथ मला तोंडपाठ आहे: जिथे मला राहायला जागा नाही तिथे मी पाहुणा म्हणून पाय ठेवणार नाही. तुझ्या-लिवियाच्या भाड्याच्या खोल्या सोडायला लावून त्यांचं हॉटेल केलं त्या दिवशी, स्टेशनच्या पायऱ्यांवर, तू हे बोललास, आणि मी तेव्हाही तुला चूक म्हटलं नव्हतं. बाबा गावाबाहेर, खाडीपलीकडे मेस्त्रेच्या इस्पितळात वारले, त्यामुळे ती शपथ तेव्हा टिकली. तू त्यांचे डोळे मिटलेस आणि तिथूनच तोरिनोची गाडी धरलीस. इकडे बोटीत त्यांच्याबरोबर मी एकटी होते. धक्क्यावर एकटी, कबरीवर एकटी. परवा तुझी पोर होती म्हणून मी पडले नाही. पण ती तुझी पोर आहे, तू नव्हेस, आणि त्या कोटाखाली कोण आहे ते तिला ओळखता येत नव्हतं. ते ओळखणारी माणसं जगात दोनच उरली आहेत. त्यांतल्या एकीने एकटीने बघणं आता मला झेपत नाही, तुल्यो. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली.

हे गाव तुला आवडायला नको. ते तसंच आहे, तू सोडलंस त्याहून वाईट. वास येईल. गर्दी धक्के देईल. स्टेशनबाहेर कोणीतरी तुझ्या हातात नकाशा कोंबेल, तो घे आणि फेकून दे. कोणावर प्रेम करायला ये असं मी म्हणत नाही.

शुक्रवारी पहाटेची गाडी धर. फोन्दामेन्ते नोव्हेवरून बोट घे, सान मिकेलेला उतर, आणि दुपारी बाराच्या आत त्या बिनखिडकीच्या खोलीत माझ्या शेजारी उभं राहून बोर्तोलोला स्वतःच्या तोंडाने हो किंवा नाही सांग.

मी धक्क्यावर उभी असेन.

तुझी बहीण,
निवेस